भोपाळच्या रोग्यांची वही



आपल्यापैकी वयस्कर मंडळींना सेव्हिन पावडर चांगलीच आठवत असेल. भाजीवर, तुरीवर, कपाशीवर अळी पडली की दुकानातून पुडा आणायचा, पातळ फडक्यात बांधायचा आणि पहाटेचे दव पानांवर असतानाच पिकावर धुरळायचा. हाताला पावडर, नाकाला पावडर, घरी येऊन तोच हात भाकरीला. कार्बारिल हे त्या औषधाचे शास्त्रीय नाव. 2018 साली सरकारने देशात त्यावर बंदी घातली.

ही पावडर भोपाळ शहराच्या उत्तर अंगाला, युनियन कार्बाईड कंपनीच्या कारखान्यात तयार होई. ती करण्यासाठी मिथिल आयसोसायनेट नावाचे अतिशय जहाल रसायन लागे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री या रसायनाच्या टाकीत पाणी शिरले, टाकी तापली, आणि सुमारे 40 टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. शेतकऱ्याच्या पिकासाठी म्हणून उभारलेल्या कारखान्याने हजारो माणसे मारली आणि लाखो आजारी केली. हे सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्रीचे वर्णन पुन्हा करण्याचा आमचा हेतू नाही.

आम्हाला सांगायचे आहे ते दुसऱ्या सकाळपासून पुढचे. रोगी दवाखान्यात पोचला, मग त्याला काय मिळाले? कोणते औषध द्यावे हे कोणी ठरवले, कशावरून ठरवले, आणि जे ठरले ते रोग्याच्या खाटेपर्यंत पोचले का? हा प्रश्न भोपाळचा आहे तसाच तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचाही आहे. म्हणून या पानावर तो घेतला.

त्या सकाळी हमीदिया रुग्णालयात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळे जळत असलेली, धाप लागलेली, तोंडाला फेस आलेली माणसे व्हरांड्यात, अंगणात, रस्त्यावर पडली होती. डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय महाविद्यालयाची पोरे दिवसरात्र राबली. त्यांच्या सेवेबद्दल कोणी शंका घेऊ नये. पण आपण कोणत्या विषाशी लढतो आहोत हेच त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते. वायू सुटला तर चेहऱ्यावर ओला फडका धरा, वाऱ्याच्या दिशेने धावू नका, एवढी साधी सूचनाही आजूबाजूच्या वस्त्यांना कारखान्याने कधी दिली नव्हती. ओल्या फडक्याला काही खर्च येत नाही. सांगणारा मात्र लागतो.

मृतदेहांची तपासणी करणाऱ्या डॉ. हीरेश चंद्र यांना एक गोष्ट खटकली. रक्त आणि आतले अवयव नेहमीपेक्षा वेगळे, चेरीच्या फळासारखे लालभडक दिसत होते. असा रंग सायनाइडच्या विषबाधेत दिसतो. सायनाइडवर सोडियम थायोसल्फेट नावाचे इंजेक्शन देतात. औषध जुने, स्वस्त. शरीरातले सायनाइड त्याच्या मदतीने थायोसायनेट नावाच्या सौम्य पदार्थात बदलते आणि लघवीवाटे बाहेर पडते. म्युनिकहून आलेले विषतज्ज्ञ डॉ. मॅक्स डाउंडेरर यांनीही हेच इंजेक्शन सुचवले. मग वाद सुरू झाला. एक बाजू म्हणे की हा वायू फक्त डोळे आणि फुप्फुस जाळतो, रक्तात शिरत नाही, तेव्हा या इंजेक्शनाचा उपयोग काय? दुसरी बाजू म्हणे की रोग्याला बरे वाटते आहे, मग द्यायला हरकत काय?

आता असा वाद मिटवायचा कसा? शेतकऱ्याला याचे उत्तर कोणी शिकवायला नको. नवे खत आले की शहाणा शेतकरी सगळ्या रानाला एकदम टाकत नाही. एका वाफ्याला टाकतो, शेजारचा वाफा तसाच ठेवतो. माती तीच, पाणी तेच, बियाणे तेच. सुगीला दोन्ही वाफ्यांचे माप वेगवेगळे घेतो. दुकानदार काय म्हणाला आणि पाटलांच्या पोराने काय वापरले यापेक्षा त्याला ते माप जास्त पटते. औषधाचेही तसेच करतात. काही रोग्यांना खरे इंजेक्शन, काहींना नुसते पाणी, आणि कोणाला काय दिले हे देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नाही नि घेणाऱ्यालाही नाही. म्हणजे मनाचे खेळ बाजूला राहतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1985 च्या आरंभी भोपाळमध्ये थायोसल्फेटची अशीच तपासणी केली. ज्यांना खरे औषध मिळाले त्यांच्या लघवीतून थायोसायनेट जास्त पडले आणि त्यांना आरामही पडला. फेब्रुवारी 1985 मध्ये परिषदेने हे इंजेक्शन कोणाला व कसे द्यावे याच्या लेखी सूचना काढल्या.

इथपर्यंत सगळे रीतसर झाले. पुरावा मिळाला, सूचना निघाली. आता सुई रोग्याच्या दंडाला लागायची तेवढी बाकी होती.

ती लागली नाही. निदान ज्यांना लागायला हवी होती त्यांतल्या बहुतेकांना नाही. सूचना कागदावर राहिली. कोणी डॉक्टर देई, कोणी देत नसे. अखेरीस जून 1985 मध्ये काही तरुण डॉक्टर व कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या जवळच एक जन स्वास्थ्य केंद्र उघडले आणि इंजेक्शने देण्यास सुरुवात केली. कोणाला किती दिले, काय फरक पडला, हे ते लिहून ठेवीत. त्याच महिन्यात पोलिसांनी केंद्रावर छापा घातला, कार्यकर्त्यांना अटक केली आणि रोग्यांच्या नोंदीही उचलून नेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा कुठे इंजेक्शनाचा पुरवठा करण्याचा आदेश झाला. सायनाइडचा भाग किती होता याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद राहिले आहेत, ते आम्ही लपवीत नाही. पण एक गोष्ट उरतेच. तपासणी झाली होती, तिचा निकाल रोग्याच्या बाजूने लागला होता, आणि तरी पहिले मोलाचे महिने हातचे गेले.

या छाप्यात औषधाच्या बाटल्यांपेक्षा त्या वह्या नेल्या हे आम्हाला जास्त लागते. बाटली पुन्हा आणता येते. एखादी बाई मे महिन्यात कशी होती आणि जूनमध्ये कशी झाली हे मात्र एकदा हरवले की हरवले.

वर्ध्याहून गेलेल्या डॉक्टरीण

भोपाळला धावून गेलेल्यांत आपली मराठी माणसेही होती. मेडिको फ्रेंड सर्कल हा डॉक्टरांचा मित्रमेळा 1974 पासून काम करीत होता आणि सेवाग्राम-वर्ध्याकडची बरीच मंडळी त्यात होती. मार्च 1985 मध्ये या मंडळींनी दोन वस्त्यांची पाहणी केली. एक कारखान्यासमोरचे जयप्रकाश नगर, जिथे वायू सर्वांत दाट होता. दुसरे अण्णा नगर, गरिबी तशीच पण कारखान्यापासून लांब. पुन्हा तीच दोन वाफ्यांची रीत. फरक उघड दिसला. जयप्रकाश नगरातल्या लोकांना नुसता खोकला नि डोळ्यांचा त्रास नव्हता. पोट, स्नायू, झोप, स्मरण, बायकांची मासिक पाळी, सगळेच बिघडले होते. म्हणजे विष फुप्फुसात थांबले नव्हते.

डॉ. राणी बंग यांनी डॉ. मीरा सदगोपाल यांच्यासह त्याच सुमारास भोपाळच्या बायकांची तपासणी केली. वस्तीतल्या बायका अंगावरून पांढरे जाते, पाळीत फार रक्त जाते, ओटीपोट दुखते असे सांगत होत्या. दवाखान्यात मात्र त्यांचे बोलणे गॅसशी जोडले जात नव्हते. बायकांच्या तक्रारी त्या, नेहमीच्याच, असे म्हणून सोडून दिले जाई. या दोघींनी तक्रार ऐकून घेतली, तपासणी केली आणि आकडे मांडले. वायू लागलेल्या वस्तीत हे आजार पुष्कळ जास्त निघाले.

गरोदर बायकांचे तर विचारूच नका. डॉ. दया वर्मा यांनी कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, त्या रात्री गरोदर असलेल्या 865 बायकांची माहिती गोळा केली. त्यांपैकी 43 टक्के गरोदरपणांत जिवंत मूल जन्मले नाही. जी जन्मली त्यांतली शंभरात 14 बाळे महिन्याच्या आत गेली. आधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण शंभरात तीनपर्यंत होते. हे आकडे कोणी घरोघर जाऊन विचारले नसते तर प्रत्येक आईने ते आपले नशीब समजून गिळले असते.

जाता जाता सांगायचे म्हणजे, याच डॉ. राणी बंग पुढे पती डॉ. अभय बंग यांच्यासह गडचिरोलीला गेल्या. तिथल्या दोन गावांत त्यांनी 650 बायकांची तपासणी केली, तिचा निकाल 1989 साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या 92 बायकांना स्त्रीरोग होता, आणि त्यांतल्या फारच थोड्यांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. मग त्याच जिल्ह्यात त्यांनी गावच्या बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. 39 गावांत ही सेवा दिली, शेजारच्या 47 गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली आणि दोन्हीकडचे जन्म-मृत्यू मोजले. तुलनेच्या गावांत हजार बाळांमागे सुमारे 60 दगावत होती तेव्हा सेवेच्या गावांत ती संख्या 25 च्या आसपास आली. हे 1999 साली जगापुढे आले, आणि 2011 पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर सहा भेटी, घरी झाले असेल तर सात. आपल्या घरी आशाताई येते तेव्हा पुष्कळांना वाटते की वरून हुकूम आला म्हणून ती येते. हुकूम खरा, पण त्या हुकुमाच्या मुळाशी 86 गावांची वही आहे. ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आली नाही तर आपण तिला मायेने, आणि गरज पडल्यास तिच्या वरिष्ठांना लेखी, विचारू शकतो.

मोजले, पण सांगितले नाही

भोपाळकडे परत येऊ. मोजमाप तिथे झालेच नाही असे नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेने 1985 पासून वायू लागलेल्या वस्त्यांतील 80 हजार आणि न लागलेल्या वस्त्यांतील सुमारे 16 हजार माणसांची नावनिशी नोंद करून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. एवढी मोठी पाहणी आपल्या देशात क्वचितच झाली असेल. पण 1994 मध्ये ती थांबवली गेली, आणि लोकवस्तीच्या पाहणीचा मोठा अहवाल लोकांसमोर यायला 2004 उजाडले. मधल्या काळात रोग्यावर उपचार करणारा डॉक्टर काय वाचून औषध देत होता? सुगी झाल्यावर दहा वर्षांनी पेरणीचा सल्ला मिळावा, तशातली गत.

1994 च्या जानेवारीत अनेक देशांचे डॉक्टर एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोग म्हणून भोपाळला आले. डॉ. रोझाली बर्टेल आणि डॉ. जियानी तोग्नोनी हे त्याचे प्रमुख. त्यांनी जे पाहिले ते आपल्यालाही ओळखीचे वाटेल. रोगी रांगेत उभा राहतो, दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते, धाप लागली की धापेची गोळी, दुखले की दुखण्याची, ताप आला की प्रतिजैविक. पुढच्या खेपेस दुसरा डॉक्टर, दुसरी चिठ्ठी. दहा वर्षांचा आजार आणि प्रत्येक भेट पहिली असल्यासारखी. आयोगाने सांगितले की मोठ्या इमारतींपेक्षा वस्तीजवळ लहान दवाखाने हवेत, जिथे एकाच कुटुंबाला तोच डॉक्टर वर्षानुवर्षे पाहील.

हा सल्ला मनावर घेऊन 1995 मध्ये संभावना ट्रस्ट स्थापन झाला आणि 1 सप्टेंबर 1996 रोजी त्याचा दवाखाना उघडला. सतीनाथ सारंगी हे त्यामागचे प्रमुख कार्यकर्ते, शिक्षणाने धातुशास्त्राचे अभियंते. सामान्य लोकांच्या देणग्यांवर हे काम उभे राहिले. इथे अॅलोपॅथीबरोबर आयुर्वेद, पंचकर्म आणि योगासने होती. हे ऐकून कोणी नाक मुरडेल, कोणी लगेच भाळेल. दोघांनाही आमचे सांगणे आहे की दवाखान्याची रीत पाहा. कोणताही उपचार, मग तो गोळीचा असो की प्राणायामाचा, सुरू करण्यापूर्वी रोग्याची तपासणी, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि दोन्ही आकडे लिहिलेले. फायदा दिसला तर चालू ठेवायचे. स्टिरॉइड आणि झोपेच्या गोळ्यांचा मारा शक्य तेवढा कमी करायचा. दवाखान्याच्या आवारात औषधी वनस्पतींची बाग केली, तीही रासायनिक फवारणीवाचून. ज्या गावाला कीटकनाशकाच्या कारखान्याने मारले तिथे यापेक्षा वेगळे कसे करणार?

त्यांचे आरोग्य कार्यकर्ते वस्तीत घरोघर जात. कोणाचा मृत्यू झाला असेल तर घरच्यांना बसवून शेवटच्या महिन्यांची हकीकत विचारून लिहीत. या मंडळींनी वाढीच्या वयातल्या मुलांची उंची, वजन, डोक्याचा घेर मोजला, आणि 2003 साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात निकाल छापून आला. वायू लागलेल्या आईबापांची मुले, विशेषतः मुलगे, वाढीत मागे होते. एका वस्तीतल्या दवाखान्याने फीत आणि वजनकाटा घेऊन केलेले हे काम.

कागद नव्हता त्यांचे काय झाले

आता पैशाचा भाग. फेब्रुवारी 1989 मध्ये भारत सरकार आणि कंपनी यांच्यात 47 कोटी डॉलरवर, म्हणजे त्या वेळचे सुमारे 715 कोटी रुपये, तडजोड झाली. पुढे साडेपाच लाखांहून अधिक लोक भरपाईस पात्र ठरले. त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला प्रथम 25 हजार रुपये आले. ही रक्कम ठरवताना प्रत्येकाची इजा किती मोठी याचा वर्ग लावला गेला, आणि वर्ग लावताना दवाखान्याचे कागद पाहिले गेले. त्या डिसेंबरात ज्याच्या हाती केसपेपर आला त्याची बाजू बळकट. जो गर्दीत तपासला गेला पण ज्याचे नाव कोणी लिहिले नाही, जी बाई मुलांना घेऊन माहेरी पळाली, जिने घरातच काढा घेतला, तिची इजा कागदावर किरकोळ. आजार तोच, धाप तीच. रक्कम वाढवून मागणारी सरकारची याचिका मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तेव्हा हा हिशेब आता मागे फिरणारा नाही.

नवरे गेलेल्या बायकांसाठी सरकारने करोंद भागात सुमारे अडीच हजार घरांची वसाहत बांधली. लोक तिला आजही विधवा कॉलनी म्हणतात. घर मिळाले, पण धाप लागणाऱ्या बाईला रोजची मजुरी कोण देणार? अब्दुल जब्बार यांच्या भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेने बायकांना शिवणकाम शिकवले आणि दर आठवड्याला बागेत सभा भरवून हक्कांची चर्चा चालवली. जब्बारभाई 2019 मध्ये वारले, मरणोत्तर त्यांना पद्मश्री मिळाली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी, एक मुसलमान, एक हिंदू, एकाच कागदकामाच्या कारखान्यात भेटल्या. 2004 साली त्यांना गोल्डमन पारितोषिक मिळाले, त्या पैशातून अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा राहिला. उपचार म्हणजे फक्त औषध नव्हे हे या बायकांना कोणत्या पुस्तकात वाचावे लागले नाही. जे मूल उभे राहू शकत नाही त्याला रोज व्यायाम देणारे हात हवेत, आणि त्याच्या आईला दोन घटका मोकळीक.

महिला उद्योग संघटनेच्याच याचिकेवर 9 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यातले तीन मुद्दे आम्हाला फार मोलाचे वाटतात. एक, प्रत्येक रोग्याला आरोग्य पुस्तिका आणि ओळखपत्र द्यावे. दुसरा, रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर चढवाव्यात. तिसरा, प्रत्येक प्रकारच्या आजारासाठी उपचाराची एकच ठरलेली पद्धत तज्ज्ञांनी लिहून द्यावी. घटनेनंतर 28 वर्षांनी देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला हे सांगावे लागले की रोग्याच्या हाती त्याची वही द्या.

आपल्या शिवारात

भोपाळ फार लांब आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने 2017 चा पावसाळा आठवावा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि शेतमजूर त्या दाट पिकात शिरून फवारणी करीत होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला साधा रुमाल. शेकडो माणसे दवाखान्यात गेली, वीसहून अधिक दगावली. अशा वेळी डॉक्टरपुढे तोच प्रश्न उभा राहतो जो 1984 मध्ये हमीदियात होता. विष कोणते? काही कीटकनाशकांवर अॅट्रोपिन हे इंजेक्शन उतारा आहे, काहींवर त्याचा उपयोग नाही, आणि काहींवर उताराच नाही, फक्त श्वास टिकवून धरणे एवढेच हाती असते. औषध कोणते ते कळले नाही तर पहिले तास अंदाजात जातात.

आमच्या ओळखीच्या एका मजुराला फवारणीनंतर घाम सुटला, लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. घरच्यांनी उन्हाचा त्रास समजून आधी कांदा हुंगवला, मग लिंबूपाणी दिले. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी औषधाचे नाव विचारले तर मालक म्हणाला, हिरवा डबा होता. हिरव्या रंगाचे डबे दुकानात किती असतात? मुलगा मोटारसायकलीवरून परत शेतात गेला, बांधावरचा डबा घेऊन आला, तेव्हा नाव कळले. माणूस वाचला. तो एक तास मात्र आम्ही विसरलो नाही.

आपल्या गावच्या आरोग्यसेवेचे माप आपण गावकरीही घेऊ शकतो, आणि ते महाराष्ट्रात घेतलेही गेले आहे. 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख नावाने काम सुरू झाले. गावकऱ्यांनी बसून ठरलेले प्रश्न विचारायचे. लसीकरण ठरल्या दिवशी झाले का? दवाखान्यात औषध मिळाले की बाहेरची चिठ्ठी दिली? फुकटच्या सेवेला कोणी पैसे मागितले का? उत्तराप्रमाणे कागदावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा, आणि जनसुनवाईत तो कागद अधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. इथे दवाखान्यात काही मिळत नाही अशी ओरड रोजच असते, तिला कोणी भीक घालीत नाही. पण अमुक महिन्यात अमुक तारखांना सर्पदंशाची लस नव्हती असा लेखी कागद पुढे आला की उत्तर द्यावे लागते. धर्मग्रामातील महिला मंडळाने, तरुण मंडळाने दर महिन्याला तासभर दिला तरी एका आरोग्य केंद्राचा असा कागद तयार होईल. ग्राम आरोग्य समिती आणि ग्रामसभा या दोन जागा त्यासाठीच आहेत.

घरातले काम त्याहून सोपे. शाळेची शंभर पानी वही घ्या, एका माणसाला एक. वरच्या पानावर नाव, वय, कोणते औषध सोसत नाही, मधुमेह-रक्तदाब असल्यास कधीपासून. मग प्रत्येक भेटीला तारीख, दवाखाना, डॉक्टरांनी सांगितलेला आजार, दिलेल्या गोळीचे नाव आणि पंधरा दिवसांनी फरक पडला की नाही. केसपेपर व तपासणीचे कागद त्याच वहीत चिकटवा. म्हाताऱ्यांच्या वहीत कोणी शाळकरी नातवाने लिहिले तर उत्तमच. डॉक्टर बदलला, गाव बदलले, मुलाकडे मुंबईला गेलात तरी वही बरोबर असावी. डॉक्टरसाहेबांना या गोळीने काय होईल आणि किती दिवस घ्यायची, हे विचारण्यात अपमान नाही. चांगला डॉक्टर अशा रोग्यावर खूष असतो.

फवारणीच्या मोसमात शेवटच्या पानावर आणखी एक नोंद ठेवा: तारीख, शेत, औषधाचे पूर्ण नाव, फवारणारा कोण. मळमळ, घाम, लाळ, अंधारी, स्नायू फडफडणे यांपैकी काही दिसले तर काम थांबवा, अंगावरचे कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, 108 वर गाडी बोलवा. निघताना वही घ्या आणि डबा घ्या. डबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावा, म्हणजे हाताला लागत नाही. लेबल फाटले असेल तर दुकानाची पावती न्या. म्हणून औषध घेताना पावती मागूनच घ्या. दुकानदाराने ती दिलीच पाहिजे.